काचेआडचं वाक्य

हॉलिवूड,
१४ ऑक्टोबर १९४०

प्रिय अल्बिना,

आधी बातमी सांगते, मग शिव्या खाते. मला नवीन नाव मिळालंय. स्टुडिओच्या कचेरीत तिघं जण बसले होते. त्यांनी माझ्याकडे धड बघितलंही नाही आणि ठरवून टाकलं, की व्लास्ता झेलेंका हे नाव थिएटरच्या पाटीवर शोभायचं नाही. आजपासून मी क्लेअर हॉल्डन. मी म्हटलं, आमच्या बाबांनी याच आडनावानं नेब्रास्कात जन्मभर नांगर धरला. त्यावर त्यांच्यातला टकलू म्हणाला, "पण त्यांना कुठे सिनेमात यायचं होतं, बाई?" मला हसू आलं, आणि तिथंच मी हरले.

कपाळावरचे केस उपटून कपाळ मोठं केलंय. पुढचा एक दात कानशीनं घासून लहान केलाय. आईचे ते गोड पाव, कोलाचे, खायचे नाहीत अशी ताकीद आहे. त्यातली खसखस दातात अडकते त्याला त्यांची हरकत नाही, मैदा कमरेला चिकटतो त्याला आहे.

इथे अभिनय शिकवायला एक मास्तर आहेत. ते सारखे ओरडतात, "समोर काय बघतेस? ज्याच्याशी बोलतेस त्याच्याकडे वळ." गावच्या हॉलमधल्या नाटकांची खोड आहे असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं कारण तुला माहीत आहे. आई तिसऱ्या रांगेत बसायची. मी तोंड फिरवलं की तिचं तेवढं नाटक बुडायचं. जन्मल्यापासून जिच्याशी चेहरा समोर धरूनच बोलले, तिच्याकडे पाठ करून बोलायला मी आता या वयात कशी शिकू?

खोडी काय, एकच आहे का? परवा शेजारणीकडे साखर मागायला गेले. दारावर टकटक करायचं सोडून पाय आपसूक, आपल्या घरच्यासारखे, मागच्या खिडकीकडे वळले. काचेला नाक लावून म्हणाले, "मी आले." तिच्या हातातली बशी फुटली. प्रत्येक घरातली आई कानानं ऐकते हे मला अजून पचत नाही.

दर रविवारी दुपारी टेलिफोन करीन. तू तिथे एक्स्चेंजवरच असतेस, तेव्हा लाइन मिळायची चिंता नाही. आईला शेजारी उभी कर. मी बोलते ते तुझ्या ओठांवर तिला दाखव.

तुझी (अजून तरी) व्लास्ता


लिपोव, नेब्रास्का,
२ नोव्हेंबर १९४०

क्लेअरबाई,

नाव बदललंत, छान केलंत. गावातले लोक विचारतात, मुलगी पळाली की काय? पळालेल्या मुलीच नाव बदलतात असा आपल्याकडचा अनुभव. मी सांगते, पळाली नाही, चढली. एमिल म्हणतो, चढलेली माणसं उतरायला बहिणीकडेच येतात, तेव्हा खोली झाडून ठेव.

रविवारचं जमलं. आई बरोब्बर वेळेला हॅट घालून एक्स्चेंजमध्ये येते. टेलिफोनसाठी हॅट कशाला असं विचारलं तर म्हणते, मुलीला भेटायला जातेय, बोडक्यानं जाऊ? माझ्या समोर खुर्ची ओढून बसते. तू बोललीस की मी ओठ हलवते, आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघते की जणू माझ्या तोंडात तूच बसली आहेस. परवा तू हसलीस तेव्हा ते हसूही मला करून दाखवावं लागलं. तीन शेतकऱ्यांचे कॉल खोळंबले होते. एक जण म्हणाला, "अल्बिना, माझी गाय अडलीय." मी म्हटलं, थांब जरा, माझी आई हसतेय.

खोड बदलू नकोस. मास्तरांना काय कळतंय.

अल्बिना


लिपोव,
१९ मार्च १९४३

व्लास्ता,

तुझा सिनेमा आला. थिएटरवाल्या पोस्पिशिलनं पाटीवर "क्लेअर हॉल्डन" लिहून खाली कंसात "आपली व्लास्ता" असं लिहिलंय. स्टुडिओला कळवू नकोस.

आई तिसऱ्या रांगेत होती. तुझा शब्द न् शब्द तिनं वाचला आणि तसाच इतरांचाही वाचला. तिथेच गोंधळ झाला. तो मेजवानीचा प्रसंग आहे ना, मागे पाहुणे नुसते ओठ हलवतात, आवाज नसतो, तिथे आई एकदम खो खो हसायला लागली. सगळं थिएटर वळून बघायला लागलं. नंतर म्हणाली, मागचा तो सरदार शेजारणीला सांगत होता, "हे बूट माझे नाहीत, पाय मेलेत माझे." आणि ती राणीसारखी बाई विचारत होती, जेवायची सुट्टी कधी आहे. आता पोस्पिशिलकडे चार बायका आईशेजारच्या खुर्च्या आधीच धरून ठेवतात.

एक तक्रार आहे, तिचीच. तुझ्या हिरोच्या मिशा. वरचा ओठ दिसतच नाही. तो तुला मागणी घालत होता की कर्ज मागत होता, तिला कळलं नाही. म्हणाली, कळव त्याला, मिशी काढ.

खरं सांगू? तू सुंदर दिसतेस ते आम्हाला माहीत होतं. पण शेवटी तो युद्धावर जातो आणि तू काही न बोलता नुसतं त्याचं बोलणं ऐकून घेतेस, तिथे एमिल रडला. एमिल. धान्याच्या कोठारावर वीस माणसांना शिव्या घालणारा माझा नवरा. मला तुझा अभिमान वाटतो, हे एकदाच लिहितेय, पुन्हा मागू नकोस.

अल्बिना


हॉलिवूड,
४ एप्रिल १९४३

प्रिय अल्बिना,

मिशीचा निरोप मी पोचवला. तो इतका दुखावला की दोन दिवस माझ्याशी फक्त कॅमेऱ्यासमोर बोलला. मग पुढच्या सिनेमासाठी सफाचट होऊन आला. म्हणाला, "नेब्रास्कातल्या बाईला विचारून सांग, आता कळतं का."

तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगते. इथल्या वर्तमानपत्रात एक बाई नटनट्यांच्या भानगडी छापते. तिनं लिहिलंय, की क्लेअर हॉल्डनला स्वतःच्या चेहऱ्याचा इतका मोह आहे की ती कॅमेऱ्याकडे पाठ करून एक वाक्य बोलायला तयार नसते. तोंडापुढे हात धरत नाही, पंखा धरत नाही, हॅटची जाळी नको म्हणते. सगळं खरं आहे. मागच्या आठवड्यात दिग्दर्शक म्हणाला, पाठमोरी उभी राहा आणि रड. मी म्हटलं, रडते, पण बोलणार नाही. बोलायचं असेल तर वळेन. दीड तास भांडण चाललं. शेवटी मी वळले. तो शॉट बघून तो स्वतः म्हणाला, बरं झालं वळलीस. पण बाहेर नाव झालं, गर्विष्ठ.

होऊ दे. आईचं तिकीट पूर्ण पैशाचं असतं. तिला अर्धा सिनेमा का दाखवू? आणि ही गोष्ट त्या वर्तमानपत्रवालीला सांगितली तर ती आईला लिपोवमधून उचलून फोटोसाठी इथे आणेल. त्यापेक्षा गर्विष्ठ बरी.

एमिलला सांग, मी त्याच्यावरच मोहित आहे.

व्लास्ता


लिपोव,
११ फेब्रुवारी १९५१

व्लास्ता,

ही चौथी चिठ्ठी. आधीच्या तिन्हींना तू गोड गोड उत्तरं धाडलीस आणि मी जे विचारलं ते सोडून जगातलं सगळं लिहिलंस. म्हणून आता फक्त एकच विचारते. टेलिफोन का बंद केलास?

दहा वर्षं एक रविवार चुकला नाही. युद्धात चुकला नाही, तुझं लग्न झालं तेव्हा चुकला नाही, मोडलं तेव्हाही चुकला नाही. मग गेल्या उन्हाळ्यापासून आधी दोन रविवारांआड, मग महिन्यानं, आणि आता काही नाही. शेवटच्या दोन-तीन वेळेला तर तू इतकं हळू बोलत होतीस की मला कानात बोट घालून ऐकावं लागलं. मी विचारलं काय आणि तू उत्तर दिलंस काय. "एमिलचा पाय कसा मोडला" हे मी सांगत होते आणि तू म्हणालीस, "छान, माझ्याकडून शुभेच्छा दे." एमिलला मी सांगितलं नाही.

हळू बोलणं ही तिकडची नवी फॅशन असेल. मासिकात वाचलं, "क्लेअर हॉल्डनचा तो खालच्या पट्टीतला, जवळ बोलावणारा आवाज." आम्हाला जवळ बोलावलेलं दिसत नाही. उलट. मोठी माणसं ऐकत नाहीत, त्यांना ऐकवावं लागतं, हे मी एक्स्चेंजवर बसून रोज बघते. पण तू त्यांच्यातली होशील असं वाटलं नव्हतं.

आई अजून रविवारी हॅट घालून येते. खुर्ची ओढते, बसते, माझ्या तोंडाकडे बघते. मी मान हलवते. ती हॅट काढत नाही, तशीच घरी जाते. यापुढे हे तिला तूच सांग.

आणखी एक. मासिकात तुझ्या "पोलादी मनाची" कहाणी आलीय. शूटिंग चालू असताना पाठीमागचा मोठा दिवा फुटला, धडाका झाला, सगळे घाबरून पळाले, कॅमेरावाला खाली बसला, आणि क्लेअर हॉल्डन तसूभर न हलता आपलं वाक्य पूर्ण करत राहिली. गावात कौतुक चाललंय. मी आईला ते वाचून दाखवलं. मला वाटलं खूश होईल. तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं, मग विचारलं, "ती दचकली नाही?" मी म्हटलं, नाही ना, तेच तर. त्यानंतर ती उठून गेली, जेवायला बसलीच नाही. भाजलेलं बदक तसंच भांड्यात राहिलं.

अल्बिना


हॉलिवूड,
२० फेब्रुवारी १९५१

प्रिय अल्बिना,

रागावू नकोस. इथे पहाटे पाचला तोंड रंगवायला बसतात आणि रविवारी मी मेल्यासारखी पडून असते. टेलिफोनच्या तारा आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, आवाज खरखरतो. पत्र बरं, पत्र खरखरत नाही.

एमिलच्या पायाबद्दल मला फार वाईट वाटलं. मी त्याला वेगळं लिहितेय, सोबत तंबाखू पाठवतेय. आईला माझा नवीन सिनेमा दाखव. त्यात मी बऱ्यापैकी काम केलंय असं थेअर म्हणतात. थेअर म्हणजे आमचे म्हातारे दिग्दर्शक, कौतुक करायला दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करतात. समीक्षकांनी लिहिलंय, की पडद्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, ऐकावं क्लेअर हॉल्डननंच. समोरचा माणूस बोलत असताना मी ज्या नजरेनं बघते तशी नजर कुणाची नाही म्हणे.

हे वाचून तरी राग जाईल ना?

व्लास्ता


लिपोव,
५ मार्च १९५१

व्लास्ता,

हे पत्र आई सांगतेय आणि मी लिहितेय. मध्ये माझं काही आलं तर ते माझं.

काल आम्ही तो सिनेमा बघितला. तू ज्या ज्या वेळी "ऐकतेस" त्या त्या वेळी लोकांनी श्वास रोखून धरला होता. बाहेर आल्यावर पोस्पिशिल म्हणाला, काय ऐकते हो तुमची मुलगी. आईनं त्याच्या ओठांवरून ते वाचलं आणि म्हणाली, "ती ऐकत नाहीये. ती बघतेय."

मला कळलं नाही. आईनं माझा हात धरून मला रस्त्यातच दुकानाच्या काचेसमोर उभं केलं. म्हणाली, "माझ्याकडे बघ. मी तुझ्याकडे कशी बघतेय ते बघ." मी बघितलं, व्लास्ता. तीच नजर. लोक ज्याच्यावर मासिकं भरतात ती नजर मी लहानपणापासून जेवणाच्या टेबलापलीकडे बघत आलेय.

आता आईचे शब्द: "तुझ्या जन्मानंतर माझे कान गेले. माझ्या मावशीचेही असेच गेले होते. बहिरी माणसं ओरडतात असं लोकांना वाटतं. आपल्या घरातली बहिरी माणसं हळू बोलतात, कारण स्वतःचा आवाज तेवढा आत घुमत असतो. अल्बिनानं सांगितलं की तुझा आवाज बसलाय, तेव्हाच मला शंका आली. दिवा फुटला आणि तू दचकली नाहीस, तेव्हा खात्री झाली. पोलादी मन वगैरे काही नाही. किती वर्षं झाली, ते लिही. खोटं लिहू नकोस, मी तुझा चेहरा बघितलाय, तोही घराएवढा मोठा."

आता माझं. मी तुला जे लिहिलं त्याची मला लाज वाटतेय. दिवसभर कानाला यंत्र लावून बसणारी मी, मलाच ऐकू आलं नाही. आईकडून जे मिळायचं होतं ते सगळं तुला गेलं, माझ्या वाट्याला नुसता तिचा रागीट स्वभाव आला.

अल्बिना


हॉलिवूड,
१७ मार्च १९५१

माझ्या लाडक्या दोघी,

चार वर्षं. डावा आधी, मग उजवा. आता जवळून खणखणीत बोललं तर थोडं कळतं, टेलिफोनमध्ये काहीच नाही. तुझ्या लाइनवर मला फक्त मुंग्यांची रांग चालल्यासारखं वाटायचं, अल्बिना, आणि त्या रांगेत तू आहेस हे माहीत असायचं. त्यापेक्षा न करणं बरं वाटलं. सांगितलं असतं तर आई स्वतःला दोष देत बसली असती.

इथे कुणाला माहीत नाही. डॉक्टरांनी छातीशी बांधायची पेटी आणि कानात जाणारी तार दाखवली. उघड्या गळ्याचे झगे घालणाऱ्या बाईनं ती पेटी कुठे लपवावी? सेटवर मी सगळ्यांची वाक्यं पाठ करते. समोरच्याचे ओठ बघून माझी वेळ पकडते. आमचा धंदा सगळा समोरासमोर उभं राहून चालतो, म्हणून निभावलं.

पण आता निभेल असं वाटत नाही. थेअरच्या नव्या सिनेमाचं शूटिंग समुद्रकाठी चाललंय. रोज इतका वारा असतो, की तिथे टिपलेल्या आवाजाची पट्टी फुकट जाते. म्हणजे सगळं झाल्यावर मला अंधाऱ्या खोलीत उभं करणार. पडद्यावर माझाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरणार, कानावर जुना खराब आवाज लावणार, आणि त्यावरून सूर धरून मी तीच वाक्यं ओठाला ओठ जुळवून परत बोलायची. बाकीच्यांना तो वैताग वाटतो. मला तो आवाज ऐकूच येणार नाही. तिथे उघडी पडले तर माझा करार संपतोय तो पुन्हा होणार नाही. बहिरी नटी कोण घेईल? अकरा वर्षांत मला हे एकच काम नीट यायला लागलंय. ते गेलं तर मी कोण, मला माहीत नाही. क्लेअर हॉल्डनही नाही आणि व्लास्ताही नाही.

आईला सांग, तिचा दोष नाही. तिच्याकडून मला चेहरा मिळाला, आणि आजवर त्याच्यावरच मी जेवलेय.

व्लास्ता


लिपोव,
२५ मार्च १९५१

व्लास्ता,

तुझं पत्र वाचून मी रडले. आई रडली नाही. तिनं डोळ्यांवर चष्मा चढवला आणि म्हणाली, "लिही." गुरूनं शिष्याला सांगावं तसं सांगत होती. इतक्या वर्षांत मी तिला अशी कधी बघितली नव्हती. तिचे शब्द:

"खोलीत शिरलीस की खिडकीकडे पाठ करून बस. उजेड दुसऱ्यांच्या तोंडावर पडू दे. बोलणं तू सुरू कर, म्हणजे उत्तर काय येईल याचा अंदाज असतो. कळलं नाही तर हसू नकोस. न कळता हसणारी माणसं लगेच पकडली जातात. जाड मिशीवाल्याशी नुसती मान हलव.

"त्या अंधाऱ्या खोलीचं मी रात्रभर मनात घोळवलं. तू उगाच घाबरतेस. तिथे पडद्यावर कोण बोलणार आहे? तूच ना? मग तुला कान कशाला हवेत? मी तुझे ओठ तू बोलायला लागल्यापासून वाचतेय, तुझ्याइतके स्वच्छ ओठ कुणाचे नाहीत. आरशासमोर बस. स्वतःला वाच. दुसऱ्यांचे ओठ वाचायला तू शिकलीस, स्वतःचे शिकायचे राहिले एवढंच. आवाज किती मोठा काढायचा ते कळायला हात छातीवर ठेव. मी चर्चमध्ये तसंच गाते."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ती भक्तीनं हात ठेवते.

आणि तू कोण, हे विचारू नकोस. तू आमची आहेस. खोली झाडलेली आहे.

अल्बिना


हॉलिवूड,
९ जून १९५१

आई, अल्बिना,

आधी हे सांगते: झालं.

दोन महिने मी आरशासमोर बसले. मोलकरणीला वाटलं बाईसाहेबांना वेड लागलं. परवा त्या खोलीत गेले. आवाजाचं काम बघणारा गस नावाचा माणूस आहे. त्यानं कानाला यंत्र दिलं, मी ते इमानदारीत लावलं आणि त्यातल्या शांततेत पडद्याकडे बघत राहिले. तुकडा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. माझे ओठ मला वाचता येत होते, आई. श्वास कुठे घेतला, जबडा कुठे आवळला, सगळं. छातीवर हात ठेवला आणि बोलले. गसनं यंत्र थांबवलं. मला वाटलं संपलं. तो त्याच्या यंत्राच्या खोलीतून बाहेर आला, माझ्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "पंधरा वर्षं हे काम करतोय. पहिल्या झटक्यात कुणाचं जुळलेलं मी बघितलं नव्हतं. कसं करता?" मी म्हटलं, माझ्या आईनं शिकवलं. त्याला वाटलं मी विनय दाखवतेय.

शेवटी एक तुकडा राहिला. सिनेमाच्या अखेरीस मी समुद्रकाठच्या खाणावळीच्या खिडकीबाहेर येऊन उभी राहते, काचेतून आत बघते आणि काहीतरी बोलते. लिहिलेलं वाक्य वेगळंच होतं, नवऱ्याला हाक मारायचं. पण त्या दिवशी वारा होता, काच होती, आतला दिवा होता, आणि माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. गसनं विचारलं, "हे कागदावर नाही. काय म्हणालात?" मला माहीत होतं. पण त्या खोलीत, त्या लोकांसमोर, ते मला पुन्हा म्हणवेना. मी म्हटलं, विसरले.

थेअर मागे बसले होते. उठून माझ्यासमोर आले. नीट उजेडात, चेहरा माझ्याकडे करून. म्हणाले, "राहू दे. लाटांचा आवाज टाका तिथे. ज्याच्यासाठी आहे त्याला कळेल." मग सगळे गेल्यावर म्हणाले, "पोरी, तो दिवा फुटला तेव्हापासून मला माहीत आहे. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी 'सुरू करा' असं ओरडायच्या ऐवजी रुमाल खाली टाकतो, ते काय मला सर्दी झाली म्हणून?"

वर्षभर तो रुमाल पडताना मी बघत होते आणि म्हाताऱ्याला चोचले सुचतात म्हणून मनातल्या मनात हसत होते.

करार अजून व्हायचाय. मालकांना मी स्वतः सांगायचं ठरवलंय, सही करायच्या आधी. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळायला नको.

व्लास्ता


लिपोव,
२१ ऑक्टोबर १९५१

व्लास्ता,

मागच्या आठवड्याच्या शनिवारी तुझा समुद्राचा सिनेमा आला. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पोस्पिशिलकडे भिंतीला टेकून लोक उभे होते. आई तिसऱ्या रांगेत, मी शेजारी, एमिल पलीकडे रुमाल आधीच काढून बसलेला. तू इतकं सुरेख काम केलंयस की मधेमधे तू माझी बहीण आहेस हे मी विसरत होते. मग शेवट आला. खिडकीबाहेर तू, केस वाऱ्यानं उडालेले, काचेला नाक जवळजवळ टेकलेलं. ओठ हलले. लाटांचा आवाज इतका, की कुणालाच काही ऐकू आलं नाही. सगळं थिएटर पुढे वाकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय म्हणाली? काय म्हणाली?"

आई उठून उभी राहिली. मांडीवरची हॅट डोक्यावर घातली आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर चालायला लागली. सिनेमा अजून संपला नव्हता. मी मागोमाग धावले. रस्त्यावर हाका मारून काय उपयोग, ती काय वळून बघणार. घरापर्यंत पाठलाग केला. बघते तर हिनं स्वयंपाकघरातला दिवा लावलेला, चुलीवर कॉफी चढवलेली, दार सताड उघडं टाकलेलं. थंडी आत येत होती. आणि ही खुर्ची खिडकीकडे वळवून बसलेली.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आई, तो सिनेमा आहे. व्लास्ता कॅलिफोर्नियात आहे."

म्हणाली, "मला माहीत आहे. वेडी नाही मी. पण ती 'आई, मी आले' म्हणाली. मग दार उघडायला नको?"

गावात सगळे आईला विचारताहेत, ती काय म्हणाली. ती कुणाला सांगत नाही. पोस्पिशिलनं वर्षभराची फुकट तिकिटं देऊ केली, तरी नाही. म्हणते, ते माझं आहे. मलाही सांगितलं नसतं, पण दार का उघडं ते सांगायला लागलं.

दार मी रात्री लावते. सकाळी उठून बघते तर पुन्हा उघडं असतं. सरपण संपत आलंय. आता काय करायचं ते तू सांग.

अल्बिना


हॉलिवूड,
३० ऑक्टोबर १९५१

अल्बिना,

मालकांना सांगितलं. मोठ्या टेबलापलीकडे ते चिरूट तोंडात धरून काहीतरी बोलायला लागले. चांगलं पाच मिनिटं बोलले. मी सगळं होऊ दिलं आणि मग म्हणाले, "चिरूट काढा. मला एक अक्षर वाचता आलेलं नाही." ते थांबले. चिरूट काढला. आणि हसायला लागले, ते मला नीट दिसलं. मग म्हणाले, "माझ्या बायकोनं तुमचा शेवट तीनदा बघितला. काय म्हणता ते सांगा, मी सही करतो." मी म्हटलं, ते माझ्या आईचं आहे, तिला विचारा. तरीही सही केली. आणखी तीन वर्षं, आणि थेअर त्यांच्या करारात लिहून घेतायत की त्यांच्या सेटवर आरोळी ठोकायची नाही.

यापुढे लपवायचं काही राहिलं नाही. म्हणून इथे बसून राहायचंही कारण राहिलं नाही. शनिवारच्या गाडीनं येतेय. खसखशीचे कोलाचे कर, कंबर माझी मी बघून घेईन.

स्टेशनवर कुणी यायचं नाही. एमिलनंही नाही. मी चालत येईन, मागच्या बाजूनं.

आणि आईला सांग, दार लावून घे. आतून कडी घाल. ते उघडताना मला बघायचंय.

व्लास्ता